चाळीस पावलांची अक्षरं

हनीफ पेंटर आयुष्यात पहिल्यांदा माझ्याशी जे बोलला ते असं: "चष्मा काढ." आणि लगेच दुसरं: "आते मांगे सरक."

मी पेढ्यांचा पुडा घेऊन गेलो होतो. शहाद्यात भाजी बाजारामागच्या गल्लीत माझं टायपिंग, झेरॉक्स आणि लग्नपत्रिकांचं दुकान त्याच सकाळी उघडलं होतं. शेजारच्या दुकानदाराशी ओळख करून घ्यावी, एवढाच साधा हेतू. शेजारचा दुकानदार म्हणजे साठीकडे झुकलेला, दाढीला मेंदी लावलेला आणि कानावर लाल बॉलपेन खोचलेला माणूस. त्याने पेढा तोंडात टाकला, स्वतःच्या हाताने माझा चष्मा उतरवला आणि मला उलटं चालायला लावलं. मी चालतोय आणि तो मोठ्याने पावलं मोजतोय. तेविसाव्या पावलाला माझा पाय एका टोपलीत गेला. टोपलीत टोमॅटो होते. भाजीवाल्या बल्लूने माझ्या घराण्याचा उद्धार केला.

"थांबू नको भो, सतरा बाकी शेत!" हनीफ ओरडला.

चाळिसाव्या पावलाला माझी पाठ हापशाला टेकली. समोर, त्याच्या दुकानाच्या पत्र्याखाली, लाल दिव्यांची एक पट्टी लुकलुकत होती.

"काय दिखस?"

"लाल लाल काहीतरी."

"अक्षर सांग, अक्षर!"

"घ?"

तो डोक्याला हात लावून पायरीवर मटकन बसला. "ध शे तो," तो म्हणाला. "आठ दिनथून याले ध करी ऱ्हायनू. अन तू इसन म्हनस, घ."

मी त्याला म्हणालो, "चष्मा दिला तर ध दिसेल कदाचित." त्यावर त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी परीक्षेत कॉपी करायची परवानगी मागितली असावी.

हनीफभाई पूर्वी खराखुरा पेंटर होता. शहादा, म्हसावद, पार खापरपर्यंतच्या दुकानांच्या पाट्या, ट्रॉल्यांच्या पाठी, शाळांच्या भिंती त्याच्या ब्रशने रंगलेल्या. मग फ्लेक्स आला आणि ब्रश वाळला. हनीफभाई रडत बसला नाही. तो दिव्यांच्या चालत्या बोर्डांकडे वळला, ते नाही का, दुकानाबाहेर अक्षरं उजवीकडून येतात आणि डावीकडे निघून जातात. पहिला बोर्ड आला तेव्हा त्याच्यासोबत तयार अक्षरंही आली. त्यातलं मराठी कोणी बनवलं होतं देव जाणे. वेलांटी एकीकडे, अक्षर दुसरीकडे, आणि जोडाक्षरं सोडचिठ्ठी घेतल्यासारखी लांब लांब उभी. हनीफभाईने एक ओळ पाहिली, बोर्डचं बटण बंद केलं आणि समोरच्या दुकानातून गणिताच्या चौकटीच्या वह्या आणल्या. स्वतःची अक्षरं स्वतः काढायची ठरवली.

"एक अक्षर म्हंजे सोळा मजली इमारत," तो मला समजावायचा. वरचे तीन मजले वेलांट्या, मात्रा, अनुस्वारांना. चौथ्यावर शिरोरेषा. त्याखाली नऊ मजले अक्षराला स्वतःला राहायला, आणि तळघरातले तीन उकारांना. प्रत्येक मजल्यावर घरं. घरात दिवा लावायचा, नाहीतर नाही लावायचा. संपलं. गोलाई नाही, तिरकेपणा नाही, ब्रशचा फराटा नाही. ट्रकच्या पाठीवर झोकदार अक्षरं काढण्यात ज्याची तरुणाई गेली, त्या माणसाने आता 'र'ची शेपटी पायरी पायरीने खाली उतरवायची. 'ळ'च्या दोन वाट्या नऊ मजल्यांत मावेनात, म्हणून त्याने 'ळ'ला तीन महिने वहीबाहेर बसवून ठेवलं होतं. तोवर बोर्डवर केळी, नारळ, गूळ, काही म्हणजे काही आलं नाही.

खरी गोम मात्र दिव्यात होती. कागदावर चौकट लाल केली की ती आपल्या जागी गप्प राहते. दिवा राहत नाही, त्याचा उजेड शेजारच्या घरात शिरतो. जवळून 'ध' छान दिसतो. लांब गेलं की त्याच्या डोक्यावरची फट उजेडाने बुजते आणि 'ध'चा 'घ' होतो. 'भ' आणि 'म'ची तीच कथा. त्यामुळे हनीफभाईचा निम्मा दिवस दिवे विझवण्यात जायचा. कुठलं घर अंधारात ठेवलं की अक्षर उजळ दिसेल, याचा शोध.

"रिकामं घर बी बोलस," हे त्याचं लाडकं वाक्य. ते तो कुठेही वापरायचा. कपात चहा अर्धाच का, असं विचारलं की "रिकामं घर बी बोलस." मी फार बडबड केली की बोट ओठांवर आणि "रिकामं घर बी बोलस, भो." एकदा माझ्या टकलाकडे बघूनही म्हणाला होता.

तर अशी अक्षरं तो काढायचा आणि मी त्याचा परीक्षक. रोज सकाळी चष्मा काढून, चाळीस पावलं चालून हापशाला पाठ टेकायची आणि वाचायचं. एक जरी अक्षर चुकलं तरी वहीचं पान फाटायचं. मी म्हणायचो, "हनीफभाई, लोक बोर्ड दहा पावलांवरून वाचतात. आणि चष्मा लावून वाचतात."

"लोक वाचतीन नहीतर नही वाचतीन. चाळीस म्हंजे चाळीस."

सुरतेचा एक तरुण गल्लीत लग्नाला आला होता. कानात बाळी, पायात दोन रंगांचे बूट. तो बोर्डसमोर उभा राहून फोटोच काढत सुटला. "अंकल, ये तो प्योर रेट्रो है!" त्याला ही अक्षरं टी-शर्टवर छापायची होती.

"रेट्रो म्हंजे काय?" हनीफभाईने मला विचारलं.

"जे नवीन असून जुनं दिसतं ते."

"मंग मी उलटा शे," तो म्हणाला. "जुना असीसन नवा दिखस." आणि सुरतकराला त्याने अट घातली: टी-शर्ट घातलेला माणूस हापशापाशी उभा करायचा आणि बिनचष्म्याने छाती वाचून दाखवायची. सुरतकर म्हणाला, छाती एवढ्या लांबून कोण वाचतं? हनीफभाई म्हणाला, मग छापूच नको. तो गेला. मी हळहळलो. हनीफभाई 'भ'च्या डोक्यावर अजून एक घर रिकामं करत बसला.

सगळ्या वह्या भरल्यावर त्या मीच कॉम्प्युटरवर उतरवल्या, एकेक ठिपका करून. नाव काय द्यायचं, विचारलं तर म्हणाला, "चाळीस." त्या अक्षरांचं नाव आजही 'चाळीस' आहे.

आता या गल्लीतल्या इतर गोष्टी सांगतो. मी स्वतःला फार चौकस समजायचो, म्हणून मुद्दाम सांगतो.

पहिली गोष्ट. हनीफभाईच्या दुकानावरच्या बोर्डवर दिवसभर काहीबाही वाक्यं फिरायची. "भेंडी कोवळी आहे." "खोकला कमी आहे." "संजूने नवी खुर्ची आणली." (संजू म्हणजे मी.) "लाल म्हैस मोकळी सुटली." मी विचारलं, हे काय? तो म्हणाला, "टेस्टिंग शे." मला पटलं. भेंडी 'भ'साठी, खोकला 'ख'साठी. म्हैस 'म्ह'साठी. मी तर गिऱ्हाइकांना कौतुकाने ही विद्या समजावूनही सांगायचो. प्रत्येक वाक्याआधी बोर्डच्या डाव्या कोपऱ्यात एकच ठिपका तीनदा उघडझाप करायचा. "हा कशाला?" "हाक शे." "कोणाला?" "वाचनाराले." हेही पटलं.

दुसरी गोष्ट. त्याचं घर समोरच, हापशाच्या अगदी वर, माडीवर. आणि हा माणूस दुपारी जिन्यापर्यंत जाऊन डबा घ्यायचा नि परत येऊन दुकानाच्या पायरीवर एकटा जेवायचा. मी ताडलं: नवराबायकोत भांडण.

तिसरी गोष्ट म्हणजे त्याची बायको, रशिदाभाभी. माहेर खापरचं. मानी बाई. मी खालून "सलाम भाभी" म्हणालो तर वळूनही बघायच्या नाहीत. पण दिवसातून दहा वेळा गॅलरीतून अशा काही ओरडायच्या की भाजीवाले दचकायचे. मधेच "आधा किलो!" मधेच "शहद चाटो!" एकदा नुसतंच "बांधा क्या उसको?" मी ताडलं: तापट बाई, भाजीवाल्यांशी भांडते. हनीफभाई जेवायला घरी का जात नाही याचाही उलगडा झाला.

हापशाला पाठ टेकून मी रोज सकाळी उभा राहायचो. डोक्यावर सात-आठ हातांवर ती गॅलरी. एवढ्या दिवसांत मान वर करावी असं मला एकदाही सुचलं नाही.

मधे माझ्या हातून एक चूक झाली. म्हसावदच्या चुलतभावाची लग्नपत्रिका मी हौसेने 'चाळीस'मध्ये केली. जागा जरा जास्त उरत होती, म्हणून अक्षरं दीडपट केली. ठिपक्यांची अक्षरं दुप्पट होतात, तिप्पट होतात, दीडपट होत नाहीत. ठिपक्याच्या कडेला दुसरा अर्धा ठिपका येतो आणि सगळ्या अक्षरांना तीन दिवसांची दाढी फुटते. नवरीच्या मामांनी पत्रिका उजेडात धरली, उलटी धरली, शेवटी फोन करून मुहूर्त विचारला. हनीफभाईने पत्रिका पाहिली आणि एवढंच म्हणाला, "ठिपकाले अर्धं घर नही ऱ्हास." मग दिवसभर त्याच्या बोर्डवर फिरत राहिलं: "संजूने माझी अक्षरं चुरगळली." अख्ख्या बाजाराने वाचलं. समोरच्या गॅलरीत भाभी कशाला तरी खदाखदा हसत होत्या. म्हटलं चला, आज तरी बाई खुशीत आहे.

तर हा असा मी चौकस माणूस.

त्या दिवशी नंदुरबारच्या एका मिरची व्यापाऱ्याकडे बोर्ड बसवायचा होता. हनीफभाई सकाळीच काळीपिवळीने निघाला. जाताना दुकानाची किल्ली माझ्या हातात दिली. "बोर्डले हात लावू नको."

हात लावू नको म्हटल्यावर माझ्या हाताला जे होतं, ते लहानपणापासून होतं. अकरा वाजता मी त्याच्या खुर्चीत बसलो होतो. बोर्ड सुरू केला. भेंडी, खोकला, म्हैस. म्हटलं, किती गरिबीची वाक्यं ही! अक्षरं तपासायचीच तर जरा थाटात तपासावीत. मी टाइप केलं: "आठ पाहुणे जेवायला. बिर्याणी कर." 'ठ' झाला, 'ण' झाला, 'र्‍या'सारखं अवघड जोडाक्षर झालं. स्वतःवर खूश होऊन मी वाक्य फिरतं ठेवलं आणि माझ्या दुकानात येऊन एका अर्जाला बसलो.

वरून भाभींचा आवाज आला. "कितने?"

बोर्डवर अक्षरं फिरतच होती.

"आठ?" थोड्या वेळाने, "आज ही?" आणि मग, "अच्छा!" बल्लूने दचकून एक टोमॅटो पाडला. मी मनात म्हटलं, आज भाव फार घासतेय बाई.

साडेबाराला गल्लीत तळलेल्या कांद्याचा वास आला. एकला असा काही वास सुटला की अर्ज भरायला आलेले लोक अर्जावरून नजर उचलून छताकडे बघायला लागले. मी मात्र गिळायच्या पलीकडे काही करू शकत नव्हतो, कारण त्या दिवशी चतुर्थी होती आणि मला उपास होता.

दीड वाजता हनीफभाई उतरला. नाक वर करून म्हणाला, "कोना घर पाहुना उनात रे?"

"तुमच्याच असतील," मी हसून म्हणालो. "वास तुमच्याच माडीवरून येतोय."

तो हसला नाही. त्याची नजर बोर्डवर गेली. आठ पाहुणे उजवीकडून येत होते आणि डावीकडे जात होते. त्याने ते वाक्य पूर्ण वाचलं. मग समोर गॅलरीकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"हाई तू लिखं?"

"टेस्टिंग..." मी म्हणालो.

तो पायरीवर बसला. त्या पहिल्या दिवशी बसला होता तसाच, पण या वेळी डोक्याला हात लावला नाही. हात मांडीवर पडून राहिले.

"संजू भो," तो हळू आवाजात म्हणाला, "तिले ऐकू येत नही."

माझ्या डोक्यात भेंडी, खोकला आणि म्हैस एकदम धावायला लागले.

"दोन साल व्हयनात. पहिले कमी व्हयनं, मंग समदं गयं. नंदुरबारले दखाडं, सुरतले दखाडं. मशीन लावं, ते नुसतं शिटी मारस. तिनी मले कसम दिधी, कोनले सांगू नको. लोक पहिले हसतीन, मंग बोलनं सोडी देतीन. नजर बी अधू शे. मोबाईलनं अक्षर दिखत नही. पन चौथीलोंग मराठी शाळामा गयेल शे. मोठं अक्षर वाचस."

"म्हणजे चाळीस पावलं..."

"माडीथून दुकान."

"आणि चष्मा काढायचा तो..."

"तिले इचारं तर ती म्हनी, समदं दिखस. मले वाईट वाटू नये म्हनीसन. म्हनीसन तुले उभा करस."

(हे सगळं इथे लिहितोय ते भाभींच्या परवानगीने. वहीवर लिहून विचारलं, लिहू का? त्या म्हणाल्या, "लिखो. अब किससे छुपाना? पर अक्षर मोठे रखना.")

एवढ्यात हनीफभाई उठला. चेहरा असा, जसा 'ध' सुटत नसताना व्हायचा.

"त्या बोर्डवर आजलोंग एक बी ठिपका खोटा पडना नही. तिले तेवढंच खरं दिखस. आज कळनं की बोर्ड बी थट्टा करस, तर उद्याथून ती तिकडे देखाव नही. आठ लिखं ना तू?"

"आठ."

"मंग आठ जोयजेत. चाल."

भर दुपारी दोनच्या सुमाराला, चतुर्थीच्या दिवशी, शहाद्याच्या बाजारात बिर्याणी खायला आठ माणसं शोधणं म्हणजे काय, हे ज्याने केलं त्यालाच कळेल. पहिले चार उपासाचे. पाचवा माळकरी. सहावा म्हणाला, आत्ताच जेवलो. हनीफभाईने त्याचा दंड धरला. "चाळीस पावलं चाल, भूक लागी जाई." आणि खरोखर मोजत नेला. तो वायरमन होता. त्याच्यामागे बल्लू आला, टोमॅटोची जुनी थकबाकी वसूल केल्याच्या थाटात. बल्लूने आपला मेहुणा आणला. पोस्टमनला आम्ही सायकलसकट अडवलं. माझ्या दुकानात फ्लेक्स करायला खापरचे दोघं भाऊ बसले होते. मी म्हणालो, "फ्लेक्सला अजून वेळ आहे, तोवर जेवून घ्या." ते म्हणाले, "आमच्याकडे असा झेरॉक्सवाला नाही." सातवा कोण होता ते मला आजही माहीत नाही. तो कोर्टाचा रस्ता विचारायला थांबला होता.

आठवा मिळेना. मी स्वतः उपासाचा. गुन्हेगाराला खायचीही सोय नाही.

"सात तर सात," मी म्हणालो.

"आठ," हनीफभाई म्हणाला. "तू याले वर लई जा, मी देखस." आणि जिन्याशी सगळ्यांना तंबी दिली, "वर जास्त बोलू नका. तिनं डोकं दुखस."

त्यामुळे ते जेवण मी जन्मात विसरणार नाही. सात परके पुरुष सतरंजीवर मांडीला मांडी लावून, चकार शब्द न काढता बिर्याणी खातायत, जणू कोणाच्या तेराव्याला आलेत. मी पाणी वाढतोय. भाभी दारात उभ्या, एकेकाच्या ताटाकडे बघतायत. खाली दुकानावरून हनीफभाईचा बोर्ड सुरू: ठिपका, ठिपका, ठिपका, "पाहुणे आले." ठिपका, ठिपका, ठिपका, "बल्लूला कमी वाढ." भाभींनी गॅलरीतून मान काढून वाचलं आणि बल्लूच्या ताटात अजून एक चमचा घातला. खापरच्या थोरल्या भावाला राहवलं नाही. त्याने अंगठा आणि बोट जुळवून भाभींकडे बघत हात हलवला, फर्मास! भाभींचा चेहरा असा खुलला, की पुढच्या क्षणाला सातही जण हात हलवायला लागले. कोर्टवाला तर दोन्ही हातांनी.

मी मोकळा तांब्या घेऊन आत गेलो, तेव्हा भाभी माझ्यामागे आल्या.

"संजूभाऊ," त्या त्यांच्या त्या मोठ्या आवाजात म्हणाल्या, मग बाहेर ऐकू जाईल हे आठवून तोंडावर पदर धरला आणि आवाज उतरवला, "सुबह वो ठिपका नहीं था."

मी तांब्या खाली ठेवला.

"वो लिखते तो पहले ठिपका लगाते. तीन बार. तुम्हारे वाले में नहीं था. मेरे को पहली बारी में ही समझा, ये तुम्हारा काम है."

"मग केलीत कशाला?" मी विचारलं. त्यांना ऐकू गेलं नाही, पण प्रश्न काय असणार हे त्यांना कळलं असावं.

"आठ लिखा था," त्या म्हणाल्या. "दो साल हुए, कोई जेवायला आया नहीं. मैंने ही बुलाना बंद किया. लोग बोलेंगे, मैं कुछ का कुछ जवाब देऊंगी." त्यांनी परातीत आणखी भात उपसला. "तुमने आठ लिखा. मैं बोली, झूठ तो झूठ, बना डालती हूँ. खाने वाले आएँगे तो आएँगे."

मग दारातून बाहेर पाहून त्यांनी ताटं मोजली. "सात हुए. आठवा किधर है?"

आठवा समोर चाळीस पावलांवर उभा होता. पत्र्याखाली, की-बोर्डवर वाकून, गल्लीच्या दोन्ही टोकांना मान वळवून बघत. कोणी उपाशी माणूस येतोय का म्हणून.

मी जिन्यावरून उतरलो तो जवळजवळ पडलोच. "हनीफभाई, वर चला. आठवं ताट वाढलंय."

"मी? मी आठे, पायरीवर, डबा खास."

"आठ पाहिजेत ना? बोर्ड खोटा पडेल."

तो घुटमळला. बोर्डकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "तठे जाईसन काय करू?" तो म्हणाला. "आठेथून दिनभर बोलस तिन्हासंगे. वर गयू की समोरासमोर बसतस, अन बोलता येत नही. मी तोंड हलावस, ती तोंड देखस. दोन घास खाईसन दोन्ही उठतस." त्याने की-बोर्डवरची धूळ पुसल्यासारखं केलं. धूळ नव्हती. "म्हनीसन आठे जेवस."

वर्षभर शेजारी बसून मी त्या डब्याचा अर्थ भांडण असा लावला होता.

"तुम्ही वर बसा," मी म्हणालो. "जे बोलायचं ते तिथून ओरडून मला सांगा. मी इथे लिहितो. ठिपक्यासकट."

"तू? तुले येई?"

"दीडपट करणार नाही, आईशप्पथ."

तो गेला. सात जण हात धुऊन जिना उतरत होते, हा चढत होता. थोड्या वेळाने गॅलरीत दोन माणसं दिसली. मधे ताट. भाभी दुकानाकडे तोंड करून बसल्या होत्या, तो त्यांच्या शेजारी. मी सवयीने चष्मा काढून खिशात ठेवला. मग आठवलं, आज आपण दुसऱ्या टोकाला आहोत. परत लावला.

"संजू!" वरून हाक आली. "लिख!"

"बोला!"

"लिख... मीठ बराबर शे!"

मी लिहिलं. ठिपका, ठिपका, ठिपका. "मीठ बरोबर आहे." भाभींनी नवऱ्याच्या शेजारी बसून, चाळीस पावलांवर, नवरा काय म्हणाला ते वाचलं. मग त्याच्याकडे वळून, पूर्ण बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "झूठ! कम है!" बल्लू टोमॅटो लावता लावता म्हणाला, "कमी होतंच थोडं."

"लिख!" पुन्हा हाक. मी घाईघाईने ठिपका लावला आणि बोटं की-बोर्डवर ठेवून वाट बघत बसलो.

वरून काही येईना. गल्लीतून एक ट्रॅक्टर गेला, मला वाटलं त्यात ऐकू आलं नसेल. मी ओरडलो, "काय लिहू?" हनीफभाईने माझ्याकडे न बघता नुसता हात वर केला. थांब. भाभी त्याच्या ताटात भात वाढत होत्या आणि तो त्यांच्या हाताकडे बघत होता.

एरवी मी असल्या वेळी स्वतःचंच काहीतरी ठोकून दिलं असतं. बोटं शिवशिवत होती, खोटं कशाला सांगू. पण मी हात मांडीवर घेतले. बोर्ड सगळा रिकामा होता, डाव्या कोपऱ्यात एक लाल ठिपका तेवढा उघडझाप करत होता.